बोळे खिशातच का राहतात?

सोलापूर शहर मागे टाकून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या रांगा सुरू होतात. इथे टॉवेल विणले जातात, चादरी विणल्या जातात. यंत्रमागाचं खातं आयुष्यात पहिल्यांदा बघून आलेला पाहुणा बाहेरच्या मोकळ्या हवेत येतो, कान चोळतो आणि विचारतो, “इतक्या आवाजात ही माणसं कानात काही घालत का नाहीत?”

मालक म्हणतो, “दिलेत की बोळे. घालतच नाहीत.” कामगाराला विचारलं तर तो शर्टाच्या खिशावर हात ठेवतो. बोळे तिथे असतात, कागदाच्या पुडीतून न काढलेले.

यावर लोकांची उत्तरं ठरलेली आहेत. अडाणीपणा, बेफिकिरी, सवय. मला या तीनही उत्तरांचा राग येतो. बारा-बारा तास चार मागांवर नजर ठेवून शेकडो तारांतली एक तुटलेली तार हुडकणारा माणूस बेफिकीर कसा असेल? माणसं जशी वागतात तशी का वागतात, याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या विद्येला वर्तनशास्त्र म्हणतात. पण हा एवढासा बोळा घेऊन तिच्याकडे गेलं, की ती आपल्याला आधी भौतिकशास्त्राकडे पाठवते, मग शरीरशास्त्राकडे, मग अर्थशास्त्राकडे. आपणही त्याच वाटेने जाऊ.

१. आवाज आणि कान

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि या मापात एक फसवी गोष्ट आहे. वजनकाट्यावर ६० किलोनंतर ७० किलो म्हणजे दहा किलो जास्त. डेसिबलचं तसं नाही. इथे दर दहाच्या पायरीला आवाजाची ऊर्जा दहापट होते. दोघांच्या साध्या बोलण्याचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. जुन्या धोट्याच्या मागांच्या खात्यात तो १०० च्या घरात जाऊ शकतो. आकडा चाळीसने वाढला, ऊर्जा मात्र दहा हजार पट झाली. आपल्याकडच्या कारखान्यांसाठी आखलेली मर्यादा अशी आहे : ९० डेसिबल असेल तर आठ तास, ९५ ला चार तास, १०० ला दोन तास. यंत्रमागाची पाळी अनेक ठिकाणी बारा तासांची असते.

आता कान. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाची लाट आली की त्या ज्वारीच्या उभ्या पिकासारख्या लवतात आणि पुन्हा उभ्या राहतात. लाट फार मोठी असेल आणि रोज तासन् तास येत असेल, तर काही ताटं मोडतात. मोडलेलं ताट पुन्हा उभं राहत नाही, कारण माणसाच्या कानात या पेशी नव्याने उगवत नाहीत. नुकसान बारीक, तीक्ष्ण आवाज टिपणाऱ्या पेशींपासून सुरू होतं. म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही अक्षरं आधी हरवतात, ‘आ’ आणि ‘ओ’ शाबूत राहतात. जुना विणकर म्हणतो, “ऐकू येतं, पण कळत नाही.” त्याचं हे वाक्य शब्दशः खरं आहे.

वर्तनाच्या दृष्टीने इथली महत्त्वाची गोष्ट म्हणजे यात काहीही दुखत नाही. तव्याला हात लागला की चटका बसतो आणि हात पुढच्या वेळी आपोआप जपतो. माणूस चटक्यातून शिकतो. कान मात्र वीस वर्षं गुपचूप झिजतो. चटकाच नसेल तर शरीर शिकणार कशातून?

२. माग ऐकायचा असतो

टॉवेलचा माग जवळून बघायला हवा. साध्या कापडाला उभ्या तारांचा एक बीम पुरतो. टॉवेलला दोन लागतात. खालच्या बीमच्या तारा ताठ ताणलेल्या, वरच्या बीमच्या सैल सोडलेल्या. धोटा आडवा धागा टाकून जातो. पहिले दोन आडवे धागे फणी पुरते ठोकत नाही, विणलेल्या कापडापासून थोडे मागेच ठेवते. तिसरा धागा आला की ती तिघांनाही एकदम पुढे रेटते. ताठ तारा जागच्या हलत नाहीत. सैल तारा त्या रेट्याबरोबर पुढे सरकतात आणि जागा नसल्यामुळे वर उचलल्या जातात. त्या उचललेल्या बारीक कड्या म्हणजे टॉवेलची लव, पाणी टिपणारा भाग. दोन अपुरे ठोके आणि एक पुरता ठोका. कान सरावला की हा ताल वेगळा ऐकू येतो.

एका खात्यात मी तासभर एका वयस्क विणकराशेजारी उभा होतो. दोन माग त्याच्या समोर होते आणि दोन पाठीशी. बोलणं शक्यच नव्हतं. तिथे बोलतात ते ओठांच्या हालचालीने आणि बोटांनी. मध्येच ते गर्रकन वळले आणि मागच्या मागापाशी जाऊन तार जोडायला लागले. तो माग माझ्याही पाठीशी होता आणि मला काहीच कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, “काका, तुम्हाला दिसलं कसं?” ते म्हणाले, “बघायचं कशाला? ऐकू येतं की.”

खिशातल्या बोळ्यांचा अर्थ मला तेव्हा उमगला. आपण ज्याला संरक्षण म्हणतो, ते त्यांच्या लेखी हातातलं एक हत्यार काढून घेणं आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांतही हेच घडलं होतं. तिथल्या विणकर बायकांनी ओठ मोठे हलवून बोलण्याची स्वतःची एक भाषाच तयार केली होती. गोंगाटाशी जुळवून घेणं ही कौशल्याची गोष्ट असते, आणि त्या कौशल्याचा माणसाला अभिमान असतो. बोळे घालणारा नवा पोरगा इतरांना कच्चा वाटतो. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजाऱ्याशी कन्नड बोलणाऱ्या या शहरात भिंतीवर एका भाषेतली सूचना चिकटवली म्हणजे काम झालं असं मानणाऱ्यांनी हा अभिमान कधी विचारातच घेतलेला नसतो. इथे प्रश्न मानसशास्त्राकडून समाजशास्त्राकडे गेला.

शरीरशास्त्राची आणखी एक माहिती इथे कामाची आहे. ज्याचे कान शाबूत आहेत, त्याला मोठ्या गोंगाटात बोळे घालूनही यंत्राच्या आवाजातला बदल बहुधा ओळखता येतो, कारण बोळा गोंगाट आणि खूण दोन्ही सारखेच खाली आणतो. ज्याची ऐकण्याची ताकद आधीच गेली आहे, त्याला मात्र ते जड जातं. म्हणजे बोळे नाकारणारा जुना विणकर स्वतःपुरता बरोबरच सांगत असतो. बोळ्यांची खरी गरज पहिल्या पाळीला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला आहे, आणि तो शिकतो त्याच जुन्या विणकराकडे बघून.

३. सहा रुपयांचा हिशेब

समजा, एका विणकराकडे चार माग आहेत आणि बारा तासांच्या पाळीत साठ वेळा कुठला ना कुठला माग थांबतो. कान उघडे असतील तर तो दहा सेकंदांत पोचतो. बोळे घातले तर चाळीस सेकंदांत. दर खेपेला तीस सेकंद वाया, साठ खेपांना अर्धा तास. चार माग गुणिले बारा तास, म्हणजे एकूण ४८ तासांचं विणकाम. त्यातला अर्धा तास हा एक टक्क्याहून किंचित जास्त. दिवसाची मजुरी कामावर ठरत असेल आणि ती ६०० रुपये धरली, तर बोळ्यांची किंमत दिवसाला सहा रुपये.

सहा रुपयांत कान वाचत असतील तर कोण नाही म्हणेल? पण निर्णय असा घेतला जात नाही. डॅनिएल काहनेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक निबंध लिहिला आणि तो छापला अर्थशास्त्राच्या नियतकालिकात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गमावल्याचं दुःख यांचं वजन सारखं नसतं, गमावणं जास्त जड असतं. काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्यातली भिंत पडली, ती अशा कामांमुळे.

याला वेळेची जोड द्या. सहा रुपये आज जातात, बंद पडलेला माग डोळ्यांना दिसतो, शेजारी बघतो. कान जातील ते पन्नाशीला. आजची बारीक झळ आणि वीस वर्षांनंतरचं मोठं नुकसान यांत माणूस आजच्या झळेला झुकतं माप देतो. हे विणकराचंच वैशिष्ट्य नाही. मधुमेह असलेले प्राध्यापकही लग्नात जिलेबी खातात, ती याच हिशेबाने.

म्हणून मला वाटतं, बोळ्यांवर व्याख्यान देण्याआधी दर मागावर एक लाल दिवा बसवावा. माग थांबला की दिवा लागेल. कानाचं काम डोळ्याला दिलं की सहा रुपयांचं नुकसान उरत नाही, आणि मग बोळे घालायला कारण उरतं. सुरक्षिततेच्या शास्त्रातही क्रम हाच सांगितला आहे : आधी धोका काढा, मग यंत्रात सुधारणा करा, आणि माणसाच्या अंगावर काही चढवण्याचा उपाय सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सुरुवात नेमकी शेवटच्या उपायापासून होते, कारण तो स्वस्त पडतो आणि अपयश आलं तर दोष कामगाराच्या माथी जातो.

४. सुताला मानवणारी हवा

हा भाग छोटा आहे, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात तो वगळता येत नाही. कापसाचं सूत कोरड्या हवेत ठिसूळ होतं, तार जास्त तुटते. म्हणून विणकामाच्या खात्यात हवा दमट ठेवावी लागते. माणसाचं शरीर घाम वाळवून थंड होतं, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. सुताला मानवते ती हवा विणकराला मानवत नाही. भारतातल्या कारखान्यांवरच्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, उष्ण वर्षांत कारखान्यांचं उत्पादन दर अंश सेल्सिअसमागे सुमारे दोन टक्क्यांनी घटलेलं दिसलं. त्यातली रोजच्या कामाची काही नोंद सुरतेच्या विणकामाची होती. मे महिन्यात दुपारी काम मंदावलं की “माणसं आळसावलीत” असं म्हणण्याआधी खात्यात तापमापक टांगून बघावा.

५. पगाराच्या दिवसापर्यंत

आजच्या झळेला झुकतं माप देणारं मन पगाराच्या हिशेबातही दिसतं. म्हैसूरमध्ये तिघा अर्थशास्त्रज्ञांनी, सुप्रीत कौर, मायकेल क्रेमर आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी, संगणकावर माहिती भरणाऱ्या कामगारांचा सुमारे वर्षभर अभ्यास केला. मजुरी कामावर होती, पगार आठवड्याला. कामाचा दर रोज तोच असूनही पगाराचा दिवस जवळ येईल तसं काम वाढत जायचं. मग त्यांनी एक विचित्र पर्याय ठेवला. सकाळी स्वतःच एक लक्ष्य ठरवा. ते गाठलं तर नेहमीचा दर, नाही गाठलं तर अर्धा. लक्ष्य गाठून जास्तीचं काहीच मिळणार नव्हतं, चुकलं तर तोटा होणार होता. जुन्या अर्थशास्त्रानुसार हा पर्याय कुणीच घ्यायला नको. तरीही साधारण तिसऱ्या हिश्शाच्या वेळा कामगारांनी तो घेतला, आणि काम वाढलं. आपलं मन दुपारी ढिलं पडणार हे त्यांना ठाऊक होतं. सकाळच्या मनाने दुपारच्या मनाला बांधून घेतलं. आपल्या बायका भिशी लावतात ती याच समजुतीने, हातात राहिले तर खर्च होतील म्हणून.

ओडिशातला दुसरा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. पानांच्या पत्रावळ्या लावणाऱ्या मजुरांपैकी काहींना त्यांच्याच मजुरीचा काही भाग ठरल्या दिवसाआधी दिला. पैसे वाढवले नाहीत, फक्त लवकर दिले. ज्यांच्या हातात पैसे आले त्यांनी जास्त पत्रावळ्या लावल्या, आणि लक्ष चुकल्यामुळे होणाऱ्या चुका कमी झाल्या. डोक्यात दुकानदाराची उधारी घोळत असेल तर हाताखालच्या पानावर लक्ष अपुरं राहतं. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही असंच दिसलं. तोच शेतकरी तोडणीआधीच्या तंगीत बुद्धीच्या चाचणीत कमी पडला आणि ऊस गेल्यावर, हातात पैसा आल्यावर, वर आला. सोलापूर जिल्ह्यात उसाचं बिल कधी जमा होणार याकडे डोळे लावून बसलेली हजारो घरं आहेत. शहराच्या पूर्व भागात नगावर मजुरी घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आहेत. यंत्रमागावर उचल घेतलेले कामगार आहेत. त्यांची चूक झाली की ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ असं विचारलं जातं. या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा पैशाच्या तारखेत असतं.

६. भौतिकशास्त्रज्ञाने आणलेलं मानसशास्त्र

विणकामाचं खातं आणि वर्तनाचा अभ्यास यांचं नातं जुनं आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०८ च्या सुमाराला आपल्या नातेवाइकांच्या विणकाम कारखान्यातल्या नोंदवह्या घेऊन, कुठल्या दिवशी कुणाचं किती कापड निघतं याचा अभ्यास केला होता.

आपल्याकडे गुजरातेत याहून मोठी गोष्ट घडली. १९४७ मध्ये अहमदाबादला कापडगिरण्यांसाठी अटिरा ही संशोधन संस्था उभी राहिली. तिचे शिल्पकार विक्रम साराभाई स्वतः विश्वकिरणांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ. सूत, रंग आणि यंत्रं तपासणाऱ्या या संस्थेत त्यांनी मानवी संबंधांचाही विभाग काढला आणि तो कमला चौधरी या मानसशास्त्रज्ञांकडे सोपवला. सुताची ताकद मोजायची तर विणणाऱ्याच्या मनाचाही विचार करायला हवा, हे त्यांना त्या काळात दिसलं होतं.

त्याच शहरात, १९५३ मध्ये, कॅलिको समूहाच्या गिरणीत लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन अपेक्षेइतकं येत नव्हतं. खात्यात २२४ माग होते आणि २९ माणसं, तीही बारा वेगवेगळ्या कामांत वाटलेली. तार जोडणारा एक, बाण्याची बॉबिन भरणारा दुसरा, तेल देणारा तिसरा. प्रत्येकाचं काम घड्याळ लावून अचूक ठरवलेलं. फक्त कुणी कुणाचं नव्हतं. राइस यांनी सुचवलं, ठराविक मागांचा एक गट एका टोळीकडे पूर्ण सोपवावा. तपशील कामगारांनीच ठरवला, कुणाच्या टोळीत कोण हेही त्यांनीच. काही काळाने उत्पादन वाढलं आणि खराब कापड घटलं. यंत्रं तीच होती आणि माणसंही तीच होती.

७. तारापूरच्या चिठ्ठ्या

इथे चौकस वाचक विचारेल : सुधारणा टोळ्यांमुळेच झाली कशावरून? साहेब रोज येऊन बघतोय म्हणूनही माणसं जोर लावतील. ही शंका अगदी योग्य आहे, आणि तिचं उत्तर शेतीतून आलं.

समजा, मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला ज्वारीचं नवं खत तपासायचं आहे. त्याने ते चांगल्या काळ्या तुकड्यात टाकलं आणि मुरमाड तुकडा तसाच ठेवला, तर पीक खताने आलं की मातीने, हे कळणार नाही. म्हणून रानाचे तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यात खत टाकायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करताना संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत पक्की केली. पुढे ती औषधांच्या चाचणीत गेली, आणि मग कारखान्यांत.

महाराष्ट्रात तिचा एक उत्तम वापर तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात झाला. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८ पासून तारापूर आणि शेजारच्या उंबरगाव भागातले सुती कापड विणणारे १७ उद्योग घेतले. चिठ्ठी निघाली त्या कारखान्यांना व्यवस्थापनाचा सल्ला फुकट आणि महिनोन् महिने दिला, उरलेल्यांना फक्त तपासणी मिळाली. सल्ला साधाच होता : बिघाडाची रोज नोंद ठेवा, सुताचे गठ्ठे रंग-नंबराप्रमाणे लावा, हत्यारं जागच्या जागी ठेवा, फरशीवरची रुई झाडा, खराब कापडाचं कारण दुसऱ्या सकाळी एकत्र बसून शोधा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

इतकं सोपं होतं तर मालकांनी आधी का केलं नाही? काहींनी या पद्धती ऐकल्याच नव्हत्या. बऱ्याच जणांना वाटत होतं की आपला माल शेजाऱ्याइतकाच चांगला आहे, मग कशाला? म्हणजे मालकाच्याही खिशात न वापरलेले बोळे होतेच. संशोधक जवळपास नऊ वर्षांनी परत गेले तेव्हा अंगवळणी पडलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटलेल्या होत्या. जिथे व्यवस्थापक बदलले, तिथे जास्त.

८. मागचं दार

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्या पहाटेनंतर या वसाहतीविषयी लिहिताना धुराबद्दल न बोलणं मला जमणार नाही. आगीविषयी सगळीकडे उपयोगी पडेल असं वर्तनशास्त्राने जे शोधलं आहे, तेवढंच इथे सांगतो.

१९६८ मध्ये लाटाने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. खोलीत माणूस अर्ज भरत बसलाय आणि भिंतीतल्या फटीतून धूर यायला लागतो. तो एकटा असेल तर शंभरातले पंचाहत्तर जण उठून कुणाला तरी सांगायचे. सोबत धुराकडे दुर्लक्ष करणारी दोन माणसं बसवली की फक्त दहा जण उठायचे. धोका आहे की नाही हे माणूस आधी शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर वाचतो, आणि शेजारी त्याच्या.

दुसरा शोध इमारतींचा. सिनेमात दाखवतात तशी आगीत माणसं वेडीपिशी होऊन धावत नाहीत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जोनाथन साइम यांनी आगीतून वाचलेल्यांचा अभ्यास करून दाखवलं, की माणसं ओळखीच्या माणसांकडे आणि ओळखीच्या दाराकडे जातात. जवळचं पण कधी न वापरलेलं दार सोडून, आत आलो त्याच लांबच्या दाराने बाहेर पडू बघतात. रुई आणि सूत भरलेल्या जागेत आग किती वेगाने पसरते, हे रसायनशास्त्र सांगतं. दार किती रुंद हवं ते अभियंता सांगतो, ते बंद ठेवायचं नाही हे कायदा सांगतो. पण धुरात डोळे मिटलेले असताना पाय कुठल्या दाराकडे वळतील, ते रोजच्या येण्याजाण्यातून ठरतं.

म्हणून वर्षातून एकदा तालीम घेऊन तिचे फोटो लावण्यापेक्षा मला एक साधी गोष्ट सुचवायची आहे. आठवड्यातले दोन दिवस पाळी सुटली की सगळ्यांनी मागच्या दाराने बाहेर पडायचं. सायकली, मोटारसायकली त्या दिवशी मागेच लावायच्या, चहाची किटलीही तिकडेच. दारापुढे बीम नाहीतर सुताची पोती कुणी रचली, तर संध्याकाळी सगळ्यांचीच वाट अडेल आणि ती तिथल्या तिथे हलवली जातील. चार महिन्यांत त्या दाराची कडी डावीकडे आहे की उजवीकडे, ती वर उचलायची की बाजूला ओढायची, हे विणकराच्या हाताला अंधारातही ठाऊक झालेलं असेल.